ते हाड कुणाचं

मायक्रोटोमवर, म्हणजे तपासायच्या तुकड्याचे पातळ काप काढणाऱ्या यंत्रावर, बसणाऱ्या माणसाला पात्याचा आवाज पाठ असतो. मेणाच्या ठोकळ्यातून तीन-चार मायक्रॉन जाडीची फीत निघत असते तेव्हा कानाला जवळजवळ काहीच लागत नाही. त्यातही गर्भाशयाच्या अस्तराचे ठोकळे सगळ्यात सोपे. मऊ, एकजीव, फीत तुटत नाही. म्हणून त्या दुपारी आमचे टेक्निशियन काका थांबून म्हणाले, "मॅडम, पातं अडतंय," तेव्हा मला वाटलं, ठोकळा नीट गार झाला नसेल. उठून गेले. त्यांनी चाक पुन्हा फिरवलं आणि कर्र झालं. फितीला उभी चीर पडली होती. पातं काढून खिडकीशी धरलं, तर नव्याकोऱ्या धारेला खाच.

"भातात खडा यावा तसं लागलं," काका म्हणाले.

ही वीस वर्षांपूर्वीची, मिरजेतली गोष्ट. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४मध्ये इथं मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून जत, कवठेमहांकाळ, पलीकडे अथणी-विजापूरपर्यंतची माणसं दुखणं घेऊन इथंच येतात. मी एका छोट्या लॅबमध्ये नुकतीच रुजू झालेली पॅथॉलॉजिस्ट. आमच्याकडे डबीतून तुकडा येतो, सोबत एक कागद येतो, माणूस येत नाही. कामाची रीतच ती, आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा ती बरी वाटायची.

त्या डबीसोबतच्या कागदावर एवढंच होतं: वय २६, सेकंडरी इन्फर्टिलिटी, सोनोग्राफीत कॉपर टीची शंका, क्युरेटिंग (पिशवी खरवडून काढलेला तुकडा). म्हणजे पूर्वी एकदा दिवस राहिले होते, नंतर चार वर्षं राहत नव्हते. अशा तुकड्यात आम्ही सगळ्यात आधी क्षयाच्या गाठी शोधतो. गर्भाशयाचा क्षय हे आपल्या देशातलं वंध्यत्वाचं जुनं कारण, शिकत असल्यापासून नजरेला तीच सवय लागलेली. काकांनी ठोकळ्याची कापलेली बाजू तासभर पातळ आम्लात बुडवून ठेवली. आतला चुना विरघळून तो भाग मऊ झाला, मग पुन्हा कापला, रंगवला. संध्याकाळी मी स्लाइड लावली.

क्षय नव्हता. ग्रंथींच्या गोल नळ्या आणि जांभळ्या पेशींची गर्दी, आणि तिच्या मधोमध गुलाबी पट्ट्या. हाड. चुना नुसता साचला तर तो पूड सांडल्यासारखा दिसतो. हे मात्र रचलेलं होतं. थरावर थर, थरांमध्ये बारीक पोकळ्या, आणि प्रत्येक पोकळीत एकेक पेशी बसलेली. दुसऱ्या कुणाच्या मांडीच्या हाडाची स्लाइड चुकून माझ्या ट्रेमध्ये आली की काय म्हणून मी नंबर दोनदा ताडून पाहिला.

मग रिपोर्ट लिहिला. 'बोनी स्पिक्यूल्स सीन', हाडाच्या कपच्या दिसल्या. आणि खाली, पुस्तकातलं आठवून, एक प्रश्नचिन्ह काढून तीन शब्द: 'रिटेन्ड फीटल बोन'. गर्भाचं राहून गेलेलं हाड? सही केली आणि पुढची स्लाइड घेतली.

त्या प्रश्नचिन्हाचं पुढे काय झालं ते मला तीन आठवड्यांनी कळलं. ज्यांनी तो तुकडा पाठवला होता त्या सीनियर गायनॅकॉलॉजिस्ट मॅडमचा फोन आला. रागावलेल्या नव्हत्या, दमलेल्या वाटल्या. म्हणाल्या, "अगं, तिचं किती महिन्यांचं गेलं होतं ते मला विचारायचं तरी."

हकिगत अशी होती. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या पोकळीत एक पांढरीशुभ्र रेघ दिसली होती, मागे काळी सावली. हाड असंच दिसतं, आणि तांबीही असंच दिसते. तपासणाऱ्यानं सासूच्या देखत विचारलं, "तांबी कधी बसवलीत?" बसवलीच नव्हती. पण घरी कोण ऐकतंय? चार वर्षं नातवाची वाट पाहणाऱ्या घरात सून चोरून तांबी बसवून राहिली, असा अर्थ निघाला. नवरा महिनाभर धड बोलला नाही. मग क्युरेटिंग झालं आणि माझा रिपोर्ट आला. धाकट्या दिराला इंग्रजी येत होतं, त्यानं वाचून दाखवला. तांबीचा आळ गेला आणि त्याच्या जागी दुसरं आलं: बाळाचं हाड पोटात राहिलंय. कुणी म्हणालं, त्याला गती मिळाली नाही म्हणून ते दुसऱ्याला येऊ देत नाही. त्र्यंबकेश्वराला जाऊन नारायण नागबळी करून आले. विधीबद्दल मला काही म्हणायचं नाही, दुःखाला कुठंतरी नेऊन ठेवावंच लागतं. पण मॅडम म्हणाल्या, "ती मुलगी जेवत नाही. मला विचारते, मी त्याला चार वर्षं आत कोंडून ठेवलं का?"

तिचं सव्वादोन महिन्यांचं आपोआप पडलं होतं. सव्वादोन महिने, तेही पाळीच्या तारखेपासून मोजलेले. गर्भाच्या शरीरात सगळ्यात आधी हाड धरतं ते गळपट्टीचं, आणि त्याची सुरुवात जेमतेम त्याच सुमारास होते. हातापायांच्या बहुतेक लांब हाडांत ती बाराव्या आठवड्यापर्यंत झालेली असते. सव्वादोन महिन्यांच्या गर्भात मी पाहिलं तसं जाडजूड, थराथरांचं हाड असणं जवळजवळ अशक्यच. मला हे ठाऊक होतं. परीक्षेत लिहिलं होतं. फक्त तो एक आकडा विचारायचं सुचलं नाही, कारण डबीच्या पलीकडे कुणीतरी बसलंय हे डोक्यातच नव्हतं.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आले.

गर्भाशयाच्या अस्तरात हाड सापडण्याचा हा प्रकार दुर्मीळ आहे. लेखांत सहसा दहा हजारांत तीन असा आकडा दिलेला असतो. बहुतेक जणींना आधी एखादा गर्भपात झालेला असतो, आपोआप किंवा करून घेतलेला, आणि बऱ्याचदा त्यानंतर रक्तस्राव लांबलेला असतो किंवा पिशवी पुन्हा धुवावी लागलेली असते. मधला काळ काही आठवड्यांपासून दीड दशकापर्यंत कितीही असू शकतो. कुणाला पाळीत अंगावरून फार जातं, कुणाचं ओटीपोट दुखतं, एखादीला पाळीबरोबर चक्क हाडाची कपची पडलेली दिसते. पुष्कळ जणींना काहीच होत नाही, फक्त दिवस राहत नाहीत. आणि मग दोघांच्या रक्ततपासण्या, नळ्यांची तपासणी, गोळ्या, इंजेक्शनं असं सगळं होऊन वर्षं जातात.

हाड तिथं येतं कसं, यावर शंभराहून जास्त वर्षं विचार चालू आहे. एक मत गर्भाच्या राहिलेल्या हाडाचं, जे मी बेफिकिरीनं लिहून टाकलं. दुसरं मत असं की, अस्तरातल्या पेशीच आपलं काम सोडून हाड घडवायला लागतात. एका जातीच्या पेशींच्या जागी दुसऱ्या जातीच्या येणं, याला मेटाप्लेसिया म्हणतात. रुडॉल्फ फिर्खो या जर्मन पॅथॉलॉजिस्टनं १८८४मध्ये यावर सविस्तर लिहिलं. आमच्यासाठी ही रोजची गोष्ट आहे. बिडी ओढणाऱ्याच्या श्वासनलिकेतलं नाजूक केसाळ अस्तर धुरानं कंटाळून चपटं, टणक होतं, ते हेच. दीर्घकाळ सूज, जखम, जळजळ राहिली की शरीर तिथला कामगार बदलतं.

पण अस्तराच्या पेशींना हाड घडवायचं येतं कुठून? मला हा भाग फार विलक्षण वाटतो. हे अस्तर बाईच्या आयुष्यात चारशेच्या आसपास वेळा गळतं आणि पुन्हा उगवतं, तेही व्रण न ठेवता. शरीरात दुसरं काहीच असं करत नाही. त्याच्या तळाशी नव्या पेशी घडवत राहणाऱ्या मूळ पेशी असल्या पाहिजेत असा कयास होता. मेलबर्नमध्ये कॅरोलाइन गार्गेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४मध्ये त्या वेगळ्या करून दाखवल्या, आणि पुढे प्रयोगशाळेतल्या बशीत योग्य खुराक दिल्यावर त्यांतल्या काहींनी हाडाच्या पेशींचं रूप घेतलं. म्हणजे हुन्नर अंगात आधीपासून होता. त्याच्याही आधी, १९६५मध्ये, मार्शल युरिस्ट यांनी आम्लात चुना काढून टाकलेलं हाड सशांच्या स्नायूत ठेवलं होतं. तिथं नवं हाड तयार झालं, आणि ते सशाच्या स्वतःच्या पेशींनी केलं होतं. त्यावरून काहींचं असंही म्हणणं आहे की, गर्भाचा बारीक अवशेष राहिला तरी तो फक्त हाक देत असेल, बांधकाम आईच्या पेशींचं असेल.

यातलं खरं कोणतं, हे साध्या स्लाइडवरून ठरत नाही. ज्या आम्लानं आम्ही हाड मऊ करतो ते डीएनएची पार नासाडी करतं, म्हणजे कापता येईल असं करताना कुणाचं ते विचारायची सोयच जाते. त्यासाठी तुकडा वेगळा जपावा लागतो. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी तो जपला. २००९मध्ये त्यांनी आठ बायकांच्या गर्भाशयातून काढलेल्या हाडाचा डीएनए आणि त्या बायकांचा स्वतःचा डीएनए ताडून पाहिला. आठही जणींचं हाड त्यांचं स्वतःचं होतं.

हा लेख मी रात्री घरी वाचला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. मला ती सव्वीस वर्षांची मुलगी आठवत होती, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं.

आठ म्हणजे काही सगळ्या जगातल्या बायका नाहीत, हे मला कळतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात गेलेल्या गर्भाची हाडं खरोखर आत राहू शकतात, राहिलेली मी पाहिली आहेत. तिथं कूर्चा दिसते, हाड धरण्याच्या निरनिराळ्या पायऱ्या दिसतात. तसं असेल तर तसंच लिहायला हवं, कुणाचं मन राखायला खोटं लिहायचं नाही. पण तेव्हाही ते पिशवी साफ करताना राहून गेलेलं असतं. आईनं ठेवलेलं नसतं.

दिवस का राहत नाहीत, त्याचं उत्तर साधं आहे. ते हाड तांबीचंच काम करतं. परकी टणक वस्तू आत असली की अस्तर सतत चिडलेलं राहतं, प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं जास्त सुटतात, आणि रुजायला आलेला गर्भ रुजू शकत नाही. १९९०मध्ये एका रुग्णाच्या पाळीच्या रक्तातलं प्रोस्टाग्लँडिन हाड काढण्याआधी आणि काढल्यावर मोजलं होतं, ते काढल्यावर उतरलं. त्यामुळे सोनोग्राफीत तांबी वाटली यात नजरेची फार मोठी चूक नव्हती. चूक विचारण्याच्या जागेची होती.

उपाय दुर्बिणीचा. गर्भाशयाच्या तोंडातून बारीक दुर्बीण आत घालतात, सलाइननं पोकळी फुगवतात आणि डोळ्यांनी पाहत चिमट्यानं एकेक कपची उचलतात. प्रवाळासारख्या पांढऱ्या फांद्या दिसतात म्हणे, मी फोटोच पाहिले आहेत. हाड खोल रुतलेलं असलं तर वरून पोटावर सोनोग्राफीचा प्रोब धरून काम करतात. नुसतं अंदाजानं खरवडलं तर कपच्या मागे राहू शकतात, आणि फार खरवडलं तर पोकळीच्या भिंती एकमेकींना चिकटतात, मग वेगळंच दुखणं. पूर्वी कधीकधी पिशवीच काढून टाकायचे. म्हातारपणातल्या एका वाईट कॅन्सरमध्येही गर्भाशयात हाड सापडतं, त्यामुळे तरुण बाईच्या स्लाइडवर हाड दिसलं तर पॅथॉलॉजिस्टनं घाबरून भलतं लिहू नये, हेही मी माझ्या विद्यार्थिनींना सांगत असते. नीट निघालं तर पुष्कळ जणींना काही महिन्यांत, वेगळे उपचार न घेता दिवस राहतात. वंध्यत्वाच्या इतक्या कारणांमध्ये इतकं सरळ सुटणारं कारण विरळाच. म्हणूनच ते उशिरा सापडल्याचा त्रास जास्त होतो.

आणि ते उशिरा सापडतं ते बहुधा एका प्रश्नापाशी अडून. 'आधी कधी दिवस राहिले होते का, किती दिवसांचं गेलं, नंतर पिशवी धुतली का, ताप आला होता का?' हे सासूच्या, नवऱ्याच्या, आईच्या देखत विचारलं तर उत्तर 'नाही' असंच येणार. गर्भपाताचा कायदा आपल्याकडे १९७१पासून आहे, २०२१च्या दुरुस्तीनं बाईचं नाव आणि तपशील उघड न करण्याचं बंधनही आणखी पक्कं केलं. पण ओपीडीच्या टेबलाशी तीन नातेवाईक उभे असताना कायदा काय करणार? दार लावून, तिला एकटीला बसवून विचारायला दोन मिनिटं लागतात. मी आता लॅबमधून फोन करून डॉक्टरांकडे ही माहिती मागते. काहींना राग येतो. येऊ दे.

दुसरी बाई मला प्रत्यक्ष भेटली. दोघींच्या ओळखीच्या खुणा मी इथं बदलल्या आहेत, पण बोलणं तिचंच आहे. दुपारची वेळ, रिपोर्ट घ्यायला आलेली, काउंटरवरच्या मुलीनं मला आत येऊन सांगितलं की, एक ताई जात नाहीत, तुम्हालाच भेटायचं म्हणतात. तिशीची असेल. पदर घट्ट धरलेला, हातात रिपोर्टची घडी.

"म्याडम, हितं हाड लिवलंय म्हनं," ती म्हणाली. "कुनाचं हाय त्ये?"

मी दार लोटलं. "बसा ताई. आधी मला सांगा, तुमचं गेलं होतं ते किती दिवसांचं होतं?"

तिनं दाराकडे पाहिलं. मग सांगितलं. ते गेलं नव्हतं, त्यांनी पाडलं होतं. "त्या सालाला आमी टोळीत व्हतो. फडात लेकरू कुठं न्यायचं? पाळी चुकून पंधरा-ईस दिस झालं आसत्याल. मेडिकलमधनं गोळ्या आनल्या." पुढे महिनाभर रक्त जात राहिलं, ताप आला, शेवटी तालुक्याच्या गावी पिशवी धुतली. त्याला सहा वर्षं झाली होती. आणि आता भावजयीनं सांगितलं होतं की, नागपूरला एका म्हातारीच्या पोटातून छत्तीस वर्षांनी बाळाचा सांगाडा निघाला, तसंच हे.

ती नागपूरची बातमी खरी होती, २०१४ची. पण तो गर्भ पिशवीच्या बाहेर, पोटात वाढलेला होता. ती गोष्टच निराळी, हे मी तिला सांगितलं. मग कागदावर रेघ मारून आठवडे मांडले. पाळी चुकून पंधरा-वीस दिवस म्हणजे फार तर सात आठवडे. "त्या वेळी गर्भ एवढा असतो," म्हणून करंगळीचं नख दाखवलं. "त्याच्यात हाड झालेलंच नसतं, ताई. जे झालंच नव्हतं ते राहील कसं?"

"मग ह्ये?"

"हे तुमचं आहे. तुमच्या पिशवीला जखम झाली होती, सूज राहिली होती बरेच दिवस. ती भरून काढताना तुमच्याच शरीरानं हे केलंय."

ती गप्प. माझ्यावर विश्वास ठेवावा की नाही याचा हिशेब चाललेला दिसत होता, आणि तो तिनं करावाच असं मला वाटत होतं. रिपोर्ट माझ्याच हातचा, इंग्रजीत, तिला वाचता न येणारा. मी ट्रेमधून तिची स्लाइड शोधली, मायक्रोस्कोपवर लावली, खुर्ची तिच्या उंचीला खाली केली.

आधी तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. बहुतेकांना तशाच दिसतात. मग डोळा थोडा मागे घे म्हटलं, तसं जमलं. "जांभळं जांभळं दिसतंय," म्हणाली. ते तुमचं अस्तर, मी सांगितलं, तिथं बाळ रुजतं. "आन् मदी गुलाबी?" ते हाड. त्यातले ठिपके म्हणजे ते हाड बांधणाऱ्या पेशी.

"ह्या माझ्याच?"

"तुमच्याच."

बराच वेळ ती वाकून पाहत राहिली. दुर्बिणीतून सगळं निघालंय का, पुन्हा धरेल का, हेही तिनं तशीच, डोळा न काढता विचारलं. मी म्हटलं, डॉक्टरांनी सगळं निघालं असं लिहिलंय. पुन्हा झाल्याचं क्वचित ऐकू येतं, पण पाळी येऊन गेल्यावर एकदा सोनोग्राफी करून खात्री करा. दिवस राहतील का ते मी सांगू शकत नव्हते आणि तसं बोलले.

मग तिनं कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला. नवरा खाली स्टँडसमोर थांबला होता. तोही आजवर स्वतःलाच बोल लावत होता, गोळ्या त्यानंच आणल्या होत्या. "त्यास्नी दावायचंय," म्हणाली. "फोटू निघंल का ह्येचा?"

पहिला फोटो काळा आला, दुसराही. कॅमेरा आयपीसच्या बरोबर मध्यावर आणि स्थिर धरावा लागतो, नाहीतर उजेडच आत जात नाही. तिसऱ्या वेळी मी दोन्ही हातांनी फोन धरला आणि बटण तिनं दाबलं. आला. गोल चकतीत जांभळं, आणि मध्ये गुलाबी.